आबांचं निकामी काळीज

आमच्या घराण्यातला पहिला बीएस्सी मी. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायांवर सूज चढली आणि अंबडचे डॉक्टर म्हणाले, "हृदय पार थकलंय, औरंगाबादला दाखल करा," तेव्हा ते घरात समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी मन लावून सांगितलं. अंगणातल्या मातीत हृदयाचं चित्र काढलं. बोलण्याच्या भरात, आता परदेशात मेलेल्या माणसाचं हृदय काढून रोग्याला बसवतात, हेही सांगून टाकलं. त्याची काही गरज नव्हती. पण एवढं शिकलेलं वापरायचं कुठं?

शेजारचे मेंढरंवाले मामा आबांना भेटायला आले होते. त्यांनी विचारलं, "मेलेलं काळीज चालतंय व्हय?"

"काळीज चालूच असतं, मामा. फक्त डोकं मेलेलं असतं."

"म्हंजी चालू असतानाच काढून राह्यले!" मामा आबांकडे वळले. "लोकर बी जित्या मेंढराचीच काढतेत म्हणा. पण मेंढराला परत हिंडाया येतंय."

आबांनी दम घेत विचारलं, "काढतेत कोणाचं? गरिबाचंच. बसवतेत सेठाला."

"तसं नसतं, आबा."

"तू पाह्यलंस?"

मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीला जाऊन एसटी धरायला आबा बिलकुल तयार होईनात. जन्मभर सालदारकीत हात-पाय दुसऱ्याला दिले होते. काळीज तेवढं त्यांना स्वतःकडे ठेवायचं होतं. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून ते भिंतीला टेकून बसले होते. माय रडू लागली. शेवटी मी वैतागून म्हणालो, "आबा, तुमचं काळीज फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही. निकामी झालंय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय."

"मंग आधी सांगायचं न्हाई का? चल जल्दी."

एसटीत ते निवांत बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावताच त्यांनी बजावलं, "सायेब, ते कामाचं न्हाई बरं का. पोरगं बीएस्सी हाये, त्यानं सांगितलंय."

गोळ्यांनी सूज उतरली. मीठ बंद झालं, त्यावरून मात्र ते मायवर रोज चिडत. पुढची सुगी पाहून आबा गेले.

मामा भेटायला आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की, परदेशात हृदय बदललेली बरीच माणसं इतकीही जगली नाहीत.

"कशी जगतील?" मामा म्हणाले. "तुझ्या आबानं कोणाला दिलं न्हाई, म्हणून तर टिकलं."