मेन स्विचच्या आधी

"मेन बंद केला तरी वरडती. म्हंजी लायटीचं न्हाय, तिला बाहेरचंच हाय."

मी मीटरच्या बोर्डाशी वाकले होते, तेव्हा मागून हे कानावर आलं. घरच्या मालकीणबाई शेजारणीला सुनेबद्दल सांगत होत्या: अंगणातल्या नळाला हात लावला की ती ओरडायची. सून, मंगल, ओट्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. निरवांगीहून तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. बाधा उतरल्याशिवाय परत आणायचं नाही, असं घरात ठरलं होतं. तिच्या मनगटांवर बारीक गोल डाग होते. देवऋष्याने उदबत्तीचे चटके दिले होते.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे साईट इंजिनिअर होते. भवानीनगरजवळच्या या घरी आम्ही सर्व्हिस केबल बदलायला आलो होतो. सर्व्हिस केबल म्हणजे खांबापासून मीटरपर्यंत येणारी वायर. इथे ती अंगणाच्या फरशीखालून आणलेली. ती टाकली तेव्हा घरात थोडे दिवे आणि पंखे होते. मग वर खोल्या चढल्या, फ्रिज आला, कडबाकुट्टीची मोटर आली. मोटर लावली की दिवे मंद व्हायचे. बारीक वायरवर भार वाढला की ती तापते, आणि जिथे जोड असतो तिथे सगळ्यात जास्त.

साहेबांचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा, बेत निम्मीच केबल बदलायचा होता. मधे जोड द्यायचा, पुढे जुनी तशीच. फरशी कमी उखडावी लागते. पुढची वायर बारीकच राहिली तर मागची जाड करून उपयोग नाही, हे त्यांनाही कळत होतं.

साईटवर मी कमी बोलायची. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मग बघत राहायची. सासूबाई आणि आबा, म्हणजे मंगलचे सासरे, दोघेही अंगणात रबरी चपला घालून वावरत होते. नळाखालच्या धुण्याच्या ओल्या दगडावर रोज अनवाणी बसणारी एकटी मंगल.

मी मेन स्विच पाडला आणि नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

मेन स्विच घराच्या आतली वीज बंद करतो. खांबापासून स्विचपर्यंतची केबल चालूच राहते. पाटावरच्या मोरीचं दार पाडलं तरी वरच्या अंगाला पाट फुटला असेल, तर पाणी रानात येणारच. दोष स्विचच्या आधी होता. घरच्यांनी तपासणी प्रामाणिकपणे केली होती, पण चुकीच्या जागी. फ्यूजही उडत नव्हता. फ्यूज उडायला मोठा करंट लागतो. माणूस मरायला त्याहून कितीतरी कमी पुरतो.

मी सगळ्यांना नळापासून लांब राहायला सांगितलं. वायरमनने खांबावरचा फ्यूज काढल्यावर माणसांनी धुण्याच्या दगडापाशी खणलं. जोड सापडला. टेप वितळून वायर उघडी पडली होती, आणि त्याच चरातला नळाचा लोखंडी पाइप तिला चिकटला होता.

साहेब माझ्याशेजारी उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "हा आपलाच जोड. मीटर आत घेतला तेव्हा दिलेला. तुम्ही काही बोलू नका, मॅडम. नवी केबल सलग टाकू, एकही जोड नको. विषय संपला."

"आणि त्यांची सून?"

"ते त्यांच्या घरातलं. आपण वायरिंगवाले."

त्यांनी जोड कापून जीपमध्ये टाकला. फरशी पूर्ण उखडली. मोठ्या साइजची केबल वेगळ्या चरातून, पाइपात घालून, खांबापासून मीटरपर्यंत अखंड आणली. काम चांगलं झालं. मोटर लावली, दिवे स्थिर राहिले. आबांनी माणसांना चहा सांगितला.

तेवढ्यात सासूबाईंनी मंगलला दंडाला धरून नळापाशी आणलं. तिच्या भावासमोर तिचा हात नळावर दाबून धरला. मंगलने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही.

"बगा पावनं, हाय का काय नळाला? आमी खोटं बोलतोय व्हय? भाऊ आला की बरी गप ऱ्हाती."

मंगल नळाकडे बघत राहिली. आता तिचा तिच्यावरच विश्वास उरला नसावा. भावाने मान खाली घातली आणि पिशवी उचलली. दुरुस्ती इतकी नीट झाली होती, की तिच्या बाजूने सांगायला त्या अंगणात काही शिल्लक नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते.

मंगल त्या संध्याकाळी माहेरी गेलीच, पण स्वतःहून. मनगटं समोर धरून तिने सासूबाईंना एकदा दाखवली आणि चालू लागली. ती परत आली की नाही, मला माहीत नाही. मला पुढच्या महिन्यापासून ऑफिसात बसवलं. या धंद्यात एक गोष्ट शिकले: दोष काढून टाकण्याआधी घरच्यांना बोलावून दाखवावा, कारण नंतर तो कधी नव्हताच असं होतं. त्या दिवशी मी तो दाखवला नव्हता. मग तिथेच, मंगल निघायच्या आधी, सांगावंच लागलं. त्या वेळी वाक्य जुळवत बसले नाही.

"आबा, नळात करंट होता. आम्ही आज तो काढला. मंगलताई खरं बोलत होत्या, आणि तो खराब जोड आमच्याच माणसांनी दिला होता."