शून्य कमवावं लागतं

अख्ख्या पांढुर्ण्यात संगणकाचं वेड लागलेला माणूस एकच, माझे मामा. आणि ऐंशीच्या दशकात संगणक काही पांढुर्ण्यात नव्हता. शाळेत गणित शिकवणारे मामा दर रविवारी रेल्वेनं नागपूरला संगणकाच्या वर्गाला जात. तिथून त्यांनी संगणकाच्या एका नव्या परदेशी भाषेच्या झेरॉक्स आणल्या आणि यंत्राअभावी ती भाषा आम्हा माणसांवरच चालवायला घेतली. त्या भाषेत म्हणे एखादी किंमत असेल किंवा नसेलही. आधी पाहायचं, मगच वापरायची. झालं, मामा गैरहजर पोरांना शून्य मार्क देईनात. हेडमास्तर चिडले, तर म्हणाले, "शून्य त्यानं कमावलं कुठं, सर? त्यासाठी बी पेपरात बसा लागते!"

दुसरं वेड त्याच भाषेतल्या जोड्यांचं. जोडीत पहिली जागा पहिल्याची, दुसरी दुसऱ्याची, अदलाबदल नाही. शेजारच्या सौंसरला जाताना बसमध्ये कंडक्टरनं "सौंसर-पांढुर्णा?" असं उलटं विचारलं की मामा तिकीटच घेईनात. "भाडं तं एकच हाय न, गुरुजी!" "भाडं एक, जोडी अलग. तुमच्या हिशेबानं मी आता घरी वापस येऊन राहिलो!" मागचे प्रवासी कपाळाला हात लावत.

अशा माणसाला सौंसरची एक शिक्षिका मनापासून आवडली. आम्ही मुलगी पाहून आलो, मामा शर्टाला इस्त्री करू लागले, पण तिकडून निरोप काही येईना. आमच्याकडे स्थळाला तोंडावर नकार देत नाहीत. निरोपच येत नाही, शहाण्यानं काय ते समजावं. आजी म्हणाली, "सोड आता, बापा. नाहीच हाय ते."

"माय, निरोप नाही आला अन् नाही म्हटलं, ह्या दोन गोष्टी आहेत. मी विचारून येतो."

नवरदेवानं स्वतः विचारायला जायचं! आजीनं तोंडाला पदर लावला. मी तेव्हा कॉलेजात होतो, सोबत गेलो. मुलीच्या वडिलांनी आम्हाला संत्री दिली, कपाशीचं विचारलं, छताकडे पाहिलं. शेवटी तीच बाहेर आली. "माझं 'नाही' आहे, सर. बाबांना सांगवत नव्हतं. राग नका मानू." मामांनी उठून हात जोडले.

बसमध्ये मीच भडकलो. "काहून गेलो आपण? आस तरी राहिली असती!"

मामा खिडकीबाहेर पाहत होते. "माझी राहिली असती रे. पण तिले रोज वाटलं असतं, तो माणूस वाट पाहून राहिला. आता सुटली बिचारी."

मामांनी लग्न केलं नाही. इतका भला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.