विमलआक्काचं पेट्रोल

विमलआक्काला फोन लावला की आधी परीक्षा द्यावी लागे. "आक्का, मी सुधीर," म्हटलं की पलीकडून सावध आवाजात प्रश्न यायचा, "सुधीर म्हणजे कुठला?"

"तुझा आतेभाऊ. बेळगावच्या खासबागेतला."

"असं कुणीबी म्हणंल. माझ्या लग्नात तू कशावरनं पडलतास?"

मांडवाच्या खांबावरून, असं उत्तर दिलं की मगच तिचा आवाज माणसात यायचा. "हां, बोल आता. काय काम काढलंस?" काम असल्याशिवाय कुणी कुणाला फोन करत नाही, ही तिची पक्की समजूत होती.

उंच, काटक बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. समोर माणूस आला की ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, आधी हातांकडे बघायची. "तोंड काय, कुणाचंबी गोड असतंय. हात काय करायलेत ते बघायचं," म्हणायची. भाजीवाल्याच्या हाताकडे, बसच्या कंडक्टरच्या हाताकडे, प्रसाद देणाऱ्या गुरवाच्याही हाताकडे ती त्याच नजरेने बघे.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. दाजी, म्हणजे तिचे मालक, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. आठवड्यातले निम्मे दिवस तिकडे, निम्मे दिवस बेळगावात, शहापूरच्या घरी. एवढी वर्षं आक्का त्यांच्या डब्याची, धोतराची, औषधाची काळजी करत राहिली. दाजी अचानक गेले, तेव्हा घरासमोर माणसं जमली होती आणि एक बाई शाळकरी मुलीचा हात धरून दारात येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर आक्काच्याच पातळासारखं पातळ होतं. शहापूरच्या मागावरचं, तोच रंग, तोच काठ. दाजींनी एकाच दुकानातून दोन घेतली होती. आक्काने त्या काठाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "त्या पोरीला पाणी द्या कुणीतरी," एवढं म्हणून ती आत गेली.

त्यानंतर तिला कुणी "आक्का, जरा विश्वास ठेवत जा की," म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "ठेवून बघितलाय की. आता न्हाय ठेवत."

शहापूरचं घर सोडून ती कणकुंबीच्या बाजूला, मामांच्या म्हणजे तिच्या वडिलांच्या जमिनीत राहायला गेली. एकट्या बाईने रानात राहायचं, म्हणून आम्ही सगळ्यांनी विरोध केला. "रानात जनावरं हायत. जनावर खोटं बोलत न्हाय," ती म्हणाली. तिथे तिने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. गोव्याला जाणारी-येणारी माणसं उतरू लागली. त्यांच्या करमणुकीसाठी तिने गोव्यातल्या कुठल्याशा रिसॉर्टची जुनी चारचाकी बाईक विकत घेतली. फुगीर टायरांची, शेतातून, ओढ्यातून, चढावरून कुठूनही जाणारी. गावातली मुलं त्या गाडीला खेकडा म्हणत. आक्का पदर खोचून तो खेकडा स्वतः चालवायची.

जमिनीची देखभाल करायला मष्णू होता. मामांच्या काळापासूनचा. कमी बोलणारा, पान खाणारा, पन्नाशी उलटलेला. झाडांना पाणी, गोठा, खोल्यांची झाडलोट आणि आता हा खेकडा, सगळं तोच बघे. आक्काने संशय न घेतलेला जगात एकच माणूस उरला असेल तर तो मष्णू, असं मला वाटायचं.

म्हणून तिचा फोन आला तेव्हा मी चकित झालो. त्या दिवशी माझी परीक्षाही झाली नाही. "सुधीर, मष्णू पेट्रोल चोरायलाय," ती एकदम म्हणाली.

"मष्णू? आक्का, काहीतरीच काय!"

"रात्री टाकीत काडी घालून बघते. सकाळी पुन्हा बघते. कधी कधी कमी झालेलं असतंय. खाली जमीन कोरडी. सांडलं न्हाय, गळलं न्हाय, मग गेलं कुठं?"

तिने खेकडा ठेवायच्या शेडच्या कडीला आडवा दोरा बांधून बघितला होता. सकाळी दोरा जसाच्या तसा आणि पेट्रोल कमी. दुसऱ्या कुणी यावरून मष्णूला निर्दोष ठरवलं असतं. आक्काचा निष्कर्ष वेगळा होता. "त्यानं दोरा बघितला आणि परत तसाच बांधला. माणूस लई हुशार हाय. इतकी वर्षं मला कळलं न्हाय."

पुढचं ऐकून मला वाईट वाटलं. आदल्या दिवशी सकाळी गावातल्या दूध डेअरीसमोर, सगळ्या लोकांच्या देखत ती म्हणाली होती, "माझ्या गाडीतलं पेट्रोल पिणारा माणूस इथंच उभा हाय." मष्णूने कमरेची शेडची किल्ली काढली, तिच्या पायाशी ठेवली आणि दुधाची रिकामी किटली उचलून चालता झाला. एक शब्द बोलला नाही. "खरं नसतं तर बोलला असता की!" आक्का म्हणाली. "आणि ऐक. तो गेला, तरी आज सकाळी पेट्रोल आणखीच कमी. म्हणजे आता राग धरून यायलाय."

रविवारी पाहुणे येणार होते, त्यांना खेकड्यावर फिरायचं होतं. गॅरेजवाल्याला बोलाव म्हटलं, तर म्हणाली, "ते चांगला पार्ट काढून घेतेत आणि जुना बसवतेत. तूच ये." माझी लायकी एवढीच, की कॉलेजात असताना स्वतःची स्कूटर खोलून पुन्हा जोडायचो. बहुतेक वेळा ती चालूही व्हायची.

शनिवारी सकाळी जांबोटीमार्गे गाडी घेऊन मी पोचलो. आक्का शेडच्या दारातच स्टूल टाकून बसली होती. मी वाकून खालची जमीन बघितली. खरोखर कोरडी. पाइप ठीक, टाकी ठीक. पण शेडमध्ये पेट्रोलचा वास होता. खरं सांगायचं तर त्या कोरड्या जमिनीकडे बघताना माझ्याही मनात आलं, पेट्रोल हवेत तर जात नाही. मष्णूच्या घरच्यांची काही अडचण असेल का? संशय असा चटकन अंगाला चिकटतो.

"अजून एक दाखवायचं हाय तुला," आक्का म्हणाली. तिने इंजिनाची ऑइल बघायची काडी उपसून माझ्यासमोर धरली. "पेट्रोल कमी व्हायलंय आणि ऑइल वाढायलंय. खुणेच्या वर गेलंय बघ. मी घातलं न्हाय. मग कोण घालतंय? कशासाठी?"

चोर पेट्रोल नेतो आणि जाताना ऑइल घालून जातो, हे मात्र तिलाही पटत नव्हतं. म्हणून ती अस्वस्थ होती. मी काडीवरचं ऑइल बोटावर घेतलं. पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं आणि हसूच आलं.

"आक्का, वास घे."

तिने घेतला. "पेट्रोल?"

"तुझा चोर इंजिनातच बसलाय."

मग तिला समजावून सांगितलं. टाकीतलं पेट्रोल आधी कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीत उतरतं. वाटी भरली की आतला तरंगता फ्लोट वर उचलला जातो आणि एक बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. ती सुई नीट बसली नाही तर पेट्रोल थांबत नाही. ह्या गाडीत ते बाहेर न गळता सरळ इंजिनात उतरत होतं आणि ऑइलमध्ये मिसळत होतं. म्हणून जमीन कोरडी.

"हे तू बघितलंस का नुसतं सांगायलास?" आक्काने विचारलं.

मग कार्ब्युरेटर खोलणं आलंच. गाडी शेडमधून उघड्यावर, पडवीलगत घेतली. पडवीत वर्तमानपत्र पसरलं. एकेक स्क्रू मी काढायचा आणि आक्काने तो स्टीलच्या ताटात ठेवायचा. तिची नजर माझ्या हातांवर. वाटी काढली, तर तळाशी बारीक गाळ. पाइप जोडून मी तिला फ्लोट बोटाने वर उचलायला सांगितला. "आता पेट्रोल बंद व्हायला पाहिजे." तिने उचलला. पेट्रोल थेंब थेंब येतच राहिलं, तिच्या बोटावरून मनगटाकडे ओघळलं. तिने सोडला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. कितीतरी वेळ ती तेच करत राहिली. सुई काढून बघितली, तर टोकाला झिजून कड पडली होती.

"टाकीखालचा कॉक तू रात्री बंद करत होतीस ना?" मी विचारलं. "तो बंद असला की एवढं जात नाही."

"कसला कॉक?"

मी दाखवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे मष्णू संध्याकाळी काहीतरी वाकून फिरवायचा," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, पेट्रोल काढायलाय."

एखाद्या संध्याकाळी तो विसरला की पेट्रोल कमी व्हायचं. तो गेला आणि कॉक कायमचा उघडा राहिला. राग धरून कुणीही येत नव्हतं.

मी बेळगावला येऊन नवी सुई घेतली, दुपारी परत गेलो. गाळ धुतला, सुई बसवली, ऑइल बदललं. आक्काने कॉक मुद्दाम उघडा ठेवायला लावला आणि ऊन उतरेपर्यंत गाडीजवळ बसून राहिली. पेट्रोल हललं नाही, ऑइल वाढलं नाही.

"झालं ना समाधान?" मी म्हणालो. "आता मष्णूकडे जाऊ."

आक्काने टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग म्हणाली, "कार्ब्युरेटर खराब होता हे खरं. पण त्यानं कधीच चोरलं न्हाय, हे कुठं ठरलं?"

त्या दिवशी मी तिच्यावर पहिल्यांदा चिडलो. "आक्का, कुणी काय केलं नाही हे कसं दाखवणार? तू सांग, तू चोरी केली नाहीस हे मला दाखव." ती आत गेली. मला वाटलं, दुखावली. थोड्या वेळाने बाहेर आली, तर पातळ बदललेलं, केस नीट केलेले. "बस मागं," म्हणाली.

खेकड्यावर मागे बसून, दोन्ही हातांनी कडी धरून मी तिच्याबरोबर गावात गेलो. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. डेअरीसमोर माणसं होती, मष्णूही होता. आक्काने गाडी मधोमध उभी केली आणि खाली उतरून मोठ्याने म्हणाली, "पेट्रोल गाडीच पीत हुती, कार्ब्युरेटर खराब हुता. मष्णूनं घेतलं न्हाय. मी चुकीचं बोललतो. सगळ्यांनी ऐका." घाईत ती पुरुषासारखं "बोललतो" म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

मष्णूने तोंडातलं पान बाजूला थुंकलं. "आक्का, तुमी आलासा, सगळ्यांम्होरं बोललासा. बरं वाटलं. पण मी आता कामाला यायचा न्हाय."

"का रं? आता तर सगळं गावलं न्हवं?"

"आज कार्ब्युरेटर गावला," मष्णू म्हणाला. "उद्या कायबी गावलं न्हाय, तर मी काय करू?"

आक्का वळून गाडीवर बसली. मीही मागे बसलो. परत येताना वाटेत, काजूच्या झाडांपाशी तिने गाडी थांबवली. "तो खरं बोलला न्हवं?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, 'जाऊ दे आक्का, मनात काय न्हाय' म्हणंल. तसं म्हटला असता, तर मी उद्यापास्नं परत त्याच्या हाताकडं बघितलं असतं." मग तिने गाडी चालू केली.

त्या रविवारी पाहुणे आले, फिरले, खूष होऊन गेले. मष्णू मात्र आला नाही, पुढेही कधी कामाला आला नाही. पण आक्का त्याच्या घरी जाऊ लागली. सवड मिळाली की जायची आणि पायरीवर बसायची. पहिल्यांदा गेली तेव्हा मष्णूच्या बायकोने दारातूनच विचारलं, "बोलवायला आलासा?" आक्का म्हणाली, "न्हाय. बसायला आले." बरेच दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही, चहाही विचारला नाही. आक्का बसायची, कोंबड्यांकडे बघायची, उठून यायची. मी म्हटलं, "कशाला जातेस अपमान करून घ्यायला?" तर म्हणाली, "माझं म्हणणं मी त्याला ऐकवलं. आता त्याचं गप बसणं मी ऐकायला नको व्हय?"

कधीतरी चहा मिळू लागला. पुढे मष्णूची बायको तिला फणसाचे गरे बांधून देऊ लागली. मष्णू स्वतः फारसं बोलत नसे, पण आक्का आली की घरामागच्या परड्यातलं काम सोडून पडवीत येऊन बसत असे. ती दोघं तिथे नेमकं काय बोलत, मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही.

तिचा स्वभाव बदलला असं कुणाला वाटायला नको. शेवटच्या आजारात बेळगावच्या दवाखान्यात सलाइन लावणाऱ्या नर्सला तिने बाटली दोनदा वाचून दाखवायला लावली होती. मला म्हणाली, "संशय माझा जायचा न्हाय रं. फकस्त आता बोलायच्या आधी मी जरा थांबते." थांबायला फार दिवस तिला मिळाले नाहीत.

तेराव्याला आमच्या खासबागेच्या घरी मष्णू आला. पहिल्या बसने निघाला असणार. बरोबर तांदळाची पिशवी, शर्ट धुतलेला. पंगतीत बसला, व्यवस्थित जेवला. हात धुताना मी त्याच्यापाशी गेलो. मनात होतं ते विचारून टाकलं, "मष्णूअण्णा, राग गेला का हो तुमचा?"

त्याने टॉवेलने हात पुसले.

"न्हाय," तो म्हणाला. "हाय अजून थोडा. पण आक्का माझ्या दारात एवढी आली, तवा माझा राग हाय म्हणून तिनं येणं थांबवलं न्हाय. मग मी माझं येणं कसं थांबवू?"

मग त्याने विचारलं, परतीची बस किती वाजता आहे. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो.