पांढऱ्या कल्ल्यांची सुरमई

लखनौत कुणी मला ‘आप तो समंदर वाली हैं’ असं म्हटलं की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पूर्वी जात नव्हती. पूर्वी मी गोड हसायचे आणि फ्रीजमधली सोलकढी काढून द्यायचे. त्या गोड हसण्याचाच हा सगळा परिणाम आहे, म्हणजे खरं तर पहिल्या शिव्या मला स्वतःलाच घातल्या पाहिजेत. पण आधी त्या माणसाला घालून घेते.

हा माणूस माझ्या नवऱ्याच्या बँकेतला बडा ग्राहक. चारबागला स्टेशनसमोर त्याची दोन लॉज, मलिहाबादला आंब्याची बाग, आणि इंदिरा नगरात आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक रिकामा गाळा. दर जूनमध्ये दशहरीची पेटी घेऊन घरी यायचा. एकदा त्याला मी बांगड्याचं सुकं खाऊ घातलं, तेव्हापासून भाभीजी, भाभीजी करत मागेच लागला. पुढे मे महिन्यात बायकामुलांना घेऊन कोकणात फिरायला आला. आम्ही माहेरीच होतो. नवरा म्हणाला, त्यांना तुझ्या आईकडे जेवायला नेऊ. आता मी काय नाही म्हणणार?

माझ्या आईची किनाऱ्यावर खानावळ आहे. वडील गेले तेव्हा मी सहावीत होते, त्या वर्षी तिने ती काढली. गावातून समुद्राकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे डाव्या हाताला पत्र्याची पडवी, चार टेबलं, त्यातलं एक कायम डुगडुगतं. पाटी आहे, पण खाऱ्या वाऱ्याने ती इतकी खाल्लीय की वर काय लिहिलंय ते आईलाच ठाऊक. मेन्यूकार्ड वगैरे थेरं नाहीत. सकाळी गावकऱ्यांनी रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, किनाऱ्यावर ओढून घेतलं की आई टोपली घेऊन जाते. कल्ले उघडून बघते, पोटावर बोट दाबून बघते आणि पसंत पडेल तेवढंच उचलते. बांगडा मिळाला तर बांगडा, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर तिसऱ्या. लोक समुद्रातून भिजलेले तसेच येतात, पायाला वाळू, खुर्च्या ओल्या करतात आणि ताटात पडेल ते बोटं चाटत खातात. तिरफळं घातलेलं तिखलं, तव्यावरून थेट ताटात आलेली तुकडी, उकड्या तांदळाचा वाफाळता भात. मासा मनासारखा नसेल त्या दिवशी ती गाडीतून कुणी उतरायच्या आतच रस्त्यावर येऊन सांगते, “आज मासो बरो गावूक नाय. डाळभात जेवचो आसात तर बसा.” मोठमोठ्या गाड्या परत फिरतात. तिला त्याचं सोयरसुतक नसतं. आणि निम्मे लोक मुकाट डाळभाताला बसतात, कारण गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या बाईवर माणसाचा विश्वास बसतो. त्या खानावळीत दुसरं काय आहे? पंखासुद्धा धड नाही.

तर हा लखनौचा माणूस तिथे जेवला आणि वेडाच झाला. तीन दिवस ओळीने आला. चौथ्या दिवशी मला म्हणाला की अम्माला लखनौला आणा, मी गाळ्यात असंच हॉटेल काढतो, फक्त पंधरा दिवस माझ्या उस्तादांना, म्हणजे आचाऱ्यांना, शिकवू दे. तिथल्या तिथे नाही म्हणायचं, तर माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं. 

कारण सांगते, लाज वाटते तरी सांगते. बावीस वर्षं मी लखनौत कुणालाही आईच्या खानावळीबद्दल सांगितलं नव्हतं. शेजारणींना, नवऱ्याच्या साहेबांच्या बायकांना, मुलांच्या शाळेत, सगळ्यांना एकच उत्तर. आई घरीच असते, समुद्राजवळ आमचं घर आहे. पाटावर बसून मासे साफ करणारी, परक्यांची उष्टी ताटं उचलणारी बाई माझी आई आहे, हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आणि आता गाडीबंगलेवाला माणूस तिच्या हाताची तारीफ करत होता, तेव्हा मात्र मला ती लगेच मिरवावीशी वाटली. आई दोनदा नाही म्हणाली. माझ्या रांधपाला माझा समुद्र लागतो, म्हणाली. मी रोज फोन करून तिचं डोकं खाल्लं. शेवटी माझ्यासाठी म्हणून ती आली. सत्तरीची बाई, मसाल्याचे दोन डबे मांडीवर घेऊन चारबागला उतरली.

पहिला आठवडा बरा गेला. तिला हिंदी येत नाही, उस्तादांना मालवणी येत नाही, पण हातांना हात कळतात. वाटणाला नारळ किती भाजायचा, तिरफळं कधी घालायची, हे तिने करून दाखवलं. एक उस्ताद दर वेळी सवयीने कालवणात केवड्याचं पाणी शिंपडायला जायचा आणि आई त्याच्या मनगटावर उलथन्याने टपली मारायची. तोही हसायचा. घरी आल्यावर मला म्हणायची, पोरं गुणी आहेत. हे सगळं चाललं होतं कोंबडीवर आणि बटाट्यावर, कारण मासे अजून यायचे होते.

मग आठव्या दिवशी थर्माकोलची खोकी आली. मी तिथेच होते. आईने पहिली सुरमई उचलली, कल्ला उघडला आणि तशीच खाली ठेवली. दुसरी उघडली, तिसरी उघडली. कल्ले पांढरेफटक, पोट दाबलं तर बोटाचा खड्डा तसाच. कुठून कुठून किती दिवस प्रवास करून आली होती देव जाणे. आईने पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, इथला बाजार दाखव.

मी तिला मासळीबाजारात घेऊन गेले. तिथे रोहू परातीत उड्या मारत होते. आईचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा इतका उजळलेला मी पाहिला. कल्ले लालबुंद. तिने दोन मोठे घेतले, हॉटेलात आणले, काटे कसे काढायचे ते माशाकडे बघून तिनेच ठरवलं, आणि आमचाच मसाला लावून असं काही रांधलं की दोन्ही उस्ताद कढई पुसून जेवले. आईचं म्हणणं साधं होतं. तुमच्या गावात जे ताजं येतं ते रांधा, मसाला माझा घ्या, लोक येतील. मी ते हिंदीत सांगितलं.

त्या माणसाने एक घास खाल्ला, मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाभीजी, रोहू तो यहाँ नुक्कड़ पर मिलती है। लोग समंदर खाने आएँगे।”

आई म्हणाली, मग मला गाडीत बसवून दे. तिने वाद घातला नाही. त्या माणसाने दिलेली साडीही तिने तिथेच टेबलावर ठेवली. मी तिला सोडायला स्टेशनवर गेले आणि वाटेत तिच्यावरच चिडले. थोडं सांभाळून घ्यायला काय झालं, एवढं कोण बघतं, असं बरंच काहीबाही बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे माझा नवरा नेहमी म्हणतो. 

महिन्याभराने रविवारी दुपारी उद्घाटन झालं. आम्ही चौघं नटूनथटून गेलो. दारात पाऊल ठेवलं आणि मी खांबासारखी उभी राहिले. दारासमोरच्या भिंतीवर माझी आई होती. पुरुषभर उंचीची फ्रेम. पदर खोचून रापणीच्या ढिगासमोर बसलेली, हातात बांगडा, तोंडभर हसणारी. खाली मोठ्या अक्षरांत, ‘अम्मा के हाथ का समंदर’. आत पाहुण्यांसमोर सुरमईच्या तुकड्या वाढल्या जात होत्या. मी एक घास तोंडात घातला. वास नाकात गेला आणि तो मी रुमालात काढून टाकला. वरून मसाला आईचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो हा.

मी सरळ त्या माणसाकडे गेले. म्हटलं, माझ्या आईने हा मासा हातात धरायला नकार दिला होता. तिचा फोटो उतरवा. आजूबाजूचे लोक बघायला लागले. नवऱ्याने माझं कोपर धरलं. तो माणूस चिडलासुद्धा नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला, बोटाने दोनचारदा वर सरकवला आणि माझ्यासमोर धरला.

“भाभीजी, फोटो तो आप ही ने भेजी थी।”

मीच पाठवला होता. आई लखनौत होती तेव्हा त्याने सजावटीसाठी गावाकडचे फोटो मागितले होते आणि मी हौसेने बारा पाठवले होते. त्यातल्या या फोटोखाली मी लाल बदाम टाकला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

पुढे जे केलं त्याची मला जराही लाज नाही. मी खुर्ची ओढली, साडी वर खोचली आणि चढले. दारावरच्या गार्डला वाटलं मी फ्रेम सरळ करतेय, त्या भल्या माणसाने खुर्ची धरून ठेवली. खिळ्यावरून फ्रेम काढली, उतरले, बाहेर पडले. रिक्षात ती आडवी मावेना, म्हणून अर्धी बाहेर काढून घरापर्यंत धरून बसले. संध्याकाळपर्यंत नवरा माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा बँकेत त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही एवढंच बोलला. मी म्हटलं, आणि माझ्या आईला? धाकटा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “मम्मी, फोटो ही तो है यार।” त्याला मी काय सांगणार, त्याच्या वयाची असताना मी त्या माशांच्या पैशांवर शिकले, त्याच्या शाळेतल्या बायकांसमोर तेच लपवलं.

चार दिवसांनी त्याच भिंतीवर तोच फोटो परत लागला. चौकट तेवढी नवी. भिंतीवरचं काढता येतं, एकदा पाठवलेलं परत कुठून आणणार? पुन्हा जाऊन भांडले. त्याने मॅनेजरला पुढे केलं. लोक समोरून जेवून, हात पुसून बाहेर पडत होते, काहीजण तर आईच्या शेजारी उभं राहून फोटो काढत होते. त्यांना तेच माझं माहेर वाटत असणार, माझ्या आईचा हात असाच वाटत असणार, याचा मला इतका संताप आला की रस्त्यात उभी राहून रडले.

मग आईला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. सगळं सांगितलं. सुरमई, फ्रेम, खुर्ची, पुन्हा लागलेला फोटो. वकील करते म्हटलं, पोलिसात जाते म्हटलं, त्याच्या दारात बसते म्हटलं. माझं रडणं आणि शिव्या एकत्रच चालल्या होत्या.  पलीकडे समुद्र ऐकू येत होता.

मी थांबल्यावर तिने विचारलं, ती पहिली फ्रेम कुठे आहे. म्हटलं, पलंगामागे उभी करून ठेवलीय.

“तो माणूस माझो कोण नाय,” ती म्हणाली. “त्याचो माका राग येणा नाय. पण तुका माझो फोटो लोकांका दाखवूचो होतो, तर तुझ्या घरात कित्याक नाय लावलंस?”

मी हॉलमध्येच उभी होते. समोरच्या भिंतीवर सासूसासरे होते, मुलांचे शाळेतले फोटो होते, नवऱ्याला साहेबांच्या हस्ते मिळालेलं सन्मानपत्र होतं.  रापण ओढून झाली, बाजार उठायच्या आत जायला हवं, असं म्हणून आईने फोन ठेवला.