नातीच्या अर्जात माझा हात

मंडळी, दुपारपासून मनगट ठणकायलंय.

नात दिल्लीच्या मोठ्या विद्यापीठात अर्ज करायलीय. गुण कमी पडलेत. म्हणाली, "आजोबा, अर्जात निबंध आहे, त्यालाबी मार्क आहेत. घरानं काय सोसलं ते लिहायचंय. तुमचा हात लिहू?"

सत्तरच्या दशकात, गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी गावातले चौघे सवर्ण बौद्धवाड्यात शिरले. मला घरातून फरफटत काढलं. "लय शिकायलास? आता लिही," म्हणत कुऱ्हाडीच्या दांड्यानं उजवं मनगट ठेचलं. सगळे पेपर मी डाव्या हातानं लिहिले, मार्क कमी पडले.

मुंबईच्या नामांकित कॉलेजात मुलाखतीला तो वाकडा हात टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "हात खाली घ्या. मार्कांचं बोला." प्रवेश नाकारला.

आता त्याच हाताला मार्क मिळणार म्हणे.

पोरगी अर्ज उघडून बसलीय. सांगा, कोणत्या तोंडानं तिला 'लिही' म्हणू?