कोळवणातली सीलबंद बरणी

पुण्याहून कोळवणला जायचं तर पिरंगुट ओलांडावं लागतं, आणि शनिवारी सकाळी पिरंगुट ओलांडणं हाच एक स्वतंत्र प्रवास आहे. कारखान्यांच्या बस, सिटी बस, ट्रक आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या, डोंगरात शांतता शोधायला निघालेल्या आम्हा शहरी लोकांच्या गाड्या, असे सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. मी खिडकीतूनच उसाचा रस मागवला. रस संपला, ग्लास परत दिला, तरी पुढची गाडी जागची हलली नव्हती.

मी निघाले होते कॉलेजातली मैत्रीण रूपाली आणि तिचा नवरा सतीश यांच्याकडे, तेही पंच म्हणून. सतीश मूळचा परभणीचा. नोकरी आयटीत, फ्लॅट वाकडला, आणि मन कोळवणात. तिथं त्यांनी छोटंसं घर बांधलंय. नोकरी सोडून तिथं कायमचं राहायला जावं, असा त्याचा ध्यास. रूपालीचा विरोध घराला नव्हता, नवऱ्याच्या स्वभावाला होता. या माणसानं आजवर गिटार घेतली, मशरूम लावले, मॅरेथॉनचे बूट आणले, आणि त्यातलं काहीही महिनाभराच्या पुढे टिकलं नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यानं करवंदांची वाइन घातली, तेव्हा रूपालीनं अट टाकली. ‘बरणी वर्षभर न उघडता ठेवून दाखव. मग खुशाल राजीनामा दे, मी येते तुझ्याबरोबर. एकदा जरी उघडलीस, तर घर विकायचं आणि पुन्हा कोळवणचं नाव काढायचं नाही.’ ते वर्ष आज पुरं होत होतं.

तुम्हाला वाटेल, वर्षभर एका बरणीला हात न लावण्यात कसला आलाय पराक्रम? घरी वाइन करणारी नवशिकी मंडळी तुम्ही पाहिलेली नाहीत. सतीशमुळे मी त्यांच्या एका ग्रुपवर आहे. फळं कुस्करायची, साखर आणि यीस्ट घालायचं, बुडबुडे थांबले की गाळून घ्यायचं, इथपर्यंत सगळे उत्साहात असतात. त्यानंतर काहीच करायचं नसतं. नुसतं मुरू द्यायचं असतं, आणि तेच कुणाला जमत नाही. आज एक चमचा चव बघायला, उद्या एक वाटी मेहुण्यांना दाखवायला, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘फर्स्ट बॅच रेडी!’ म्हणून हातात ग्लास घेतलेला फोटो. फोटोतला चेहरा हसरा असतो, कारण घोट अजून घशाखाली उतरलेला नसतो. सतीश या जमातीचा मेरुमणी होता. त्यामुळे निकाल मी घरूनच ठरवून निघाले होते.

पौड मागे टाकलं आणि डोंगर जवळ आले. मे महिन्यातली खाचरं (भाताची बांधबंदिस्त शेतं) भाजून काळी पडली होती, आणि बांधाबांधावर फार्महाऊसं उगवली होती. एकाचं नाव ‘निवांत’, दुसऱ्याचं ‘मौन’. दोन्हींच्या फाटकांवर कॅमेरे, आणि ‘मौन’मध्ये स्पीकर ठणाणत होता. ते बघण्याच्या नादात माझं वळण चुकलं आणि गाडीचं पुढचं चाक बांधावरून खाली उतरून लटकलं.

ट्रॅक्टर घेऊन आले ते सोपानदादा. यांच्याच जमिनीचा तुकडा सतीशनं घेतलाय. आता दादांनी आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या काढल्यात.

“कुटं निघाला व्हता, ताई?” दोर बांधता बांधता त्यांनी विचारलं.

“सतीशकडे.”

“ते बरनीवाले व्हय? मंग आमी बी येतोय की! आज फोडायची हाय म्हनं. गावात समद्यांना ठावं हाय.”

“तुम्हाला काय वाटतं दादा, उघडली असेल त्यानं?”

“उगडली न्हाई तर मानूस कसला?” असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरला झटका दिला आणि माझी गाडी रस्त्यावर आली.

सतीश फाटकातच उभा होता. बारीक झाला होता आणि नवल म्हणजे गप्प होता. जेवायला दादांच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा झणझणीत रस्सा आला होता. मी नाक पुसत तीन भाकऱ्या हाणल्या. सतीशनं अर्धीच खाल्ली. “बरणी जिन्याखालच्या खोलीत आहे,” तो म्हणाला. “मी वर्षभर तिकडे फिरकलोच नाही गं मीनल. झाडूसुद्धा रूपालीनं मारला. स्वतःचा भरवसा नव्हता मला.” त्यानं राजीनाम्याचं पत्र लिहून फोनमध्ये ठेवलंय, हेही त्यानं हळूच सांगितलं. रूपाली ताटं उचलण्यात फारच गर्क होती.

बरणी बाहेर आणली. लोणच्याची असते तशी चिनीमातीची, तपकिरी-पांढरी, पोटभर मोठी. झाकण बसवून सतीशनं त्यावर मेणबत्तीचं मेण ओतलं होतं. तो सुरी घेऊन मेण खरवडायला बसला. खरवडतोय, खरवडतोय, मेण काही संपेना. बोटभर जाड थर होता, आणि त्यात एकावर एक पापुद्रे दिसत होते.

“थर लई हायेत की,” सोपानदादा वाकून म्हणाले.

सतीशचा हात थांबला. “मी एकदाच ओतलं होतं.”

दादांनी आणि मी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून आठवते. माझ्या तर तोंडावर टोमणाही आला होता. तो बिचारा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. “शपथ घेतो. हातसुद्धा लावला नाही मी.”

“उगडा तर आदी,” दादा म्हणाले.

झाकण निघालं आणि सणसणीत आंबूस वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरणी काठोकाठ भरलेली होती, एक चमचाही कमी नव्हता. पण आत वाइन नव्हती. तिचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता. वाइनला मुरताना पुन्हा पुन्हा वारा लागला की हेच होतं, हे ग्रुपवरचं पोरसोरसुद्धा सांगेल.

“मीच उघडत होते,” रूपाली मागून म्हणाली.

ती पुढे येऊन बरणीपाशी बसली. मग म्हणाली, “दर वेळी इथं आलो की उघडायचे. तू प्यायलास का ते बघायला. परत मेण ओतून ठेवायचे.”

मला वाटलं, आता सतीश भडकणार. त्यानं झाकण शांतपणे खाली ठेवलं. “कधी कमी झालेली दिसली का?”

“नाही.”

“मग पुढच्या वेळी परत का उघडलीस?”

रूपाली खरवडलेलं मेण गोळा करू लागली. मला तिथं बसवेना. सोपानदादा उठले आणि गेले. सतीशनं फोन काढला, ते पत्र आमच्यासमोर पाठवलं, आणि म्हणाला, “मी जिंकलोय. मी राहतोय इथं. तू आज मीनलबरोबर जा. तुझं काय ते ठरव, मला घाई नाही.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं आणि रूपाली शेजारी बसून होती. मी पंच म्हणून गेले होते, पण खरं तर एका माणसाची फजिती बघायला गेले होते, आणि ती झाली नाही म्हणून मला आत कुठंतरी रुखरुखही लागली होती. याचा मला तिथल्या तिथं राग आला. आम्ही सगळे मिळून सतीशच्या उतावळेपणाला हसायचो. त्यानं तो सोडला, तेव्हा ते बघायला आमच्यापैकी कुणी थांबलंच नाही.

“त्याला थोडे दिवस शांत राहू दे,” मी म्हणाले. “फोन करू नकोस. आपणहून करेल.”

“नाही करत,” रूपाली म्हणाली, आणि फोन तिनं पर्समध्ये टाकून चेन लावली.

पौड यायच्या आत तिनं चेन उघडली.

“फोन करत नाहीये,” ती म्हणाली. “तो ऑनलाइन आहे का, एवढंच बघते.”