तिसऱ्या सिलिंडरजवळची अक्षत

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्या बंगल्यावर मी दर रविवारी जात होतो. कारण एकच, पोर्चमधली लाल स्पोर्ट्स कार. बंगल्यातल्या काकूंचा मुलगा परदेशी गेला आणि त्याची गाडी मागे राहिली. नागपूरचं गिऱ्हाईक तयार होतं, पण इंजिन थरथरायचं. चारपैकी एक सिलिंडर मधूनमधून पेटत नव्हता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. हे मी अभिमानानंच सांगतो. मी गाड्या दुरुस्त करतो त्या वर्कशॉपमध्ये मात्र सगळ्यांचा मी नुसता 'भैया'. काकू फाटकातूनच ओरडायच्या, "काहून रे इंजिनियर, आज उशीर?" आई गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलणारं जबलपुरात तेवढंच माणूस. गाडी नीट झाली की तिथं जायचं कारण संपणार, हे ठाऊक होतं. पण काम लांबवणं माझ्याच्यानं होत नाही.

स्कॅनरनं तिसरा सिलिंडर दाखवला. तिसऱ्याची, प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल काढून पहिल्यावर लावली, तर बिघाडही पहिल्यावर गेला. म्हणजे कॉइलच खराब. नवी बसवली. महिन्याभरात पुन्हा तिसराच!

या वेळी कॉइल उपसून प्लगच्या खोल भोकात टॉर्च मारला. तळाशी पाणी, कडेला गंज, आणि कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा.

"काकू, इंजिनावर पाणी कोण टाकतं?"

"टाकतं काय रे! शिंपडते मी. दर सोमवारी ग्वारीघाटाहून आणते. त्याची गाडी आहे, पूजा नको?"

"बॉनेट उघडून?"

"मग काय टपावर करू? जीव तर आतच आहे ना तिचा!"

मला हसू आलं. "पाणी आत उतरतं, काकू. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही."

"नर्मदेचं आहे ते."

"असू दे. कॉइलला ते कळत नाही."

त्यांनी गाडीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आता नीट होऊन राहिली. पोराला कळवावं लागेल."

"हो."

भोक हवेनं कोरडं केलं, प्लग आणि कॉइल बदलली. तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत चालवून पाहिली. काकू शेजारी बसल्या होत्या, त्या गाडीत पहिल्यांदाच. इंजिन एकसारखं चालत होतं. पुलावर त्यांनी नर्मदेला हात जोडले.

गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं. "येत जा रे," काकू म्हणाल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्याच वेळी निघालो. फाटकाशी स्कूटर थांबवली, बंद नाही केली. पोर्च धुतलेला होता. आत टीव्हीचा आवाज येत होता. काय सांगून आत जावं, ते सुचेना. टूलबॅग सवयीनं आणली होती, ती पायाशी तशीच होती.

मग पुढे निघालो.